सर्वांत हळू तो पुढे

साताऱ्याच्या गिर्यारोहण मंडळाची बैठक भरली होती. यंदा स्कीइंगला कुठे जायचं, हा प्रश्न होता. मंडळींना मध्यम उतार जमायचा, पण उभा उतार दिसला की ती मागे फिरायची. सगळ्यांनी मिळून घसरावं, अशी ऋजुताची फार इच्छा. म्हणून तिने मध्यम उतारांची औली सुचवली.

"औली पोरासोरांसाठी!" अध्यक्ष शेडगेकाका गरजले. "आपण गुलमर्गच्या माथ्यावरून उतरणार. ठरलं!"

तिथे निम्मी मंडळी पायथ्याशी चहा पीत बसली असती. तरी ऋजुता हसून म्हणाली, "चालेल, काका. मंडळाचा नियम मात्र पाळायचा ना?"

"म्हणजे काय! मीच घातलाय. सर्वांत हळू असेल तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे."

"मग गेल्या वर्षी सर्वांत हळू कोण उतरलं?"

सगळे छताकडे बघू लागले. काका स्की काखोटीला मारून, बसल्या बसल्या सरकत खाली आले होते.

"म्हणजे माथ्यावरून पहिले तुम्ही," ऋजुता म्हणाली. "घाबरू नका, आम्ही मागे आहोतच."

काकांनी घसा खाकरला. "काय गं, औलीला थंडीचे कपडे भाड्याने मिळतात का?"