बाहुलीवाल्याची चिंध्यांची दोरी

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट. आता माणसं बोलतात आणि गाढवं ऐकतात. माझ्याकडे असं बघू नका, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

एका राज्यात एक बाहुलीवाला होता. हाताचा मोठा कसबी. त्यानं लाकडाच्या राणीला रडवलं की समोरच्या बायका पदराला नाक पुसायच्या. खेळ आवडला की लोक त्याच्या दोरीला आपल्या जुन्या कपड्याची चिंधी बांधायचे. "नवा खेळ आला की कळव रे बाबा," एवढाच त्याचा अर्थ. कवडी ओवलेली चिंधी नदीवरच्या नावाडणीची, तेलकट चिंधी घाण्यावरच्या आजोबांची. बारा गावं, तीनशे चिंध्या. गाढविणीवर बसून तो दारोदार निरोप द्यायचा. पण गेल्या साली त्यानं कंटाळा केला आणि जत्रेत त्याच्या खेळाचं वडाखालचं अंगण निम्मं रिकामं राहिलं.

पाटील म्हणाले, "चैत्री पौर्णिमेच्या जत्रेला औंदाही अंगण ओस दिसलं, तर जागा माकडवाल्याला देईन. मग रडव तुझी राणी घरच्या ओट्यावर."

झालं! बाहुलीवाला निरोप धाडायला कबुतरखाना शोधू लागला. राज्यात कबुतरखाने चौदा. एक म्हणे, "शंभर चिंध्यांपर्यंत फुकट. एकशेएकावी आली की पैसे मागायला आमचं तोंड मोठं होतं." दुसरा म्हणे, "आमची कबुतरं झालरीचे अंगरखे घालतात." तिसरा म्हणे, "पत्र कुणी वाचलं आणि कुणी चुलीत घातलं, ते आमचं कबुतर परत येऊन सांगतं." बाहुलीवाला रोज एकाकडून दुसऱ्याकडे. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

बायकोनं विचारलं, "अहो, निरोप तरी लिहिलात का?"

"आधी कबुतर ठरू दे."

"पौर्णिमेला या, एवढंच लिहायचंय! इतक्या दिवसांत मी अंडी उबवून घरचीच कबुतरं उडवली असती!"

गोठ्यातून गाढवीण म्हणाली, "धनी, मला सगळी दारं ठाऊक आहेत. प्रत्येक दारात कडबा खाल्लाय मी."

"तू गप. तुला पंख आहेत का?"

गाढवीण गप्प बसली. गाढवाला गप्प बसता येतं, हा त्याचा मोठा गुण. आपल्यात कितीजणांना येतं?

शिमगाही गेला. पाडव्याला त्यानं सगळ्यांत मोठा, सोनेरी घुमटाचा आणि झालरीच्या अंगरख्यांचा कबुतरखाना निवडला. तिथल्या कारभाऱ्यानं दोरी घेतली, सगळ्या चिंध्या सोडल्या आणि रंगांप्रमाणे आपल्या खणांत लावल्या. बाहुलीवाल्यानं एका कागदावर सही ठोकली. निरोप घेऊन कबुतरं उडाली, आणि झालरीच्या अंगरख्यांसकट वेशीवरच्या बाभळीत अडकली.

हे त्याला कळेपर्यंत पौर्णिमेला पाच दिवस उरले. बाहुलीवाला धावत कारभाऱ्याकडे गेला. "माझी दोरी द्या!"

"ही घ्या की." कारभाऱ्यानं मोकळी दोरी पुढे केली. "दोरी तुमची, चिंध्या आमच्या. करारात आहे."

"मी तो वाचला नाही!"

"कुणीच वाचत नाही," कारभारी मायेनं म्हणाला.

बाहुलीवाला मोकळी दोरी घेऊन घरी आला. बायकोनं कपाळावर हात मारला. तीनशेंतली वीस दारंही त्याला धड आठवेनात.

"आता बोल की!" तो गाढविणीवर खेकसला.

"मला पंख कुठे आहेत, धनी?"

त्यानं कान पकडले. स्वतःचे. मग गाढवीण निघाली. न चुकता एकेका दारात थांबली, आणि प्रत्येक दारात कडबा संपल्याखेरीज हलली नाही. नावाडीण ओरडली, "मेल्या, माझी कवडी कुणाला देऊन आलास?" आणि शिव्या देत देतच तिनं नवी चिंधी बांधली. पाच दिवसांत सहा गावं झाली. सहा राहिली.

पौर्णिमेला अंगण बरोबर निम्मं भरलं. पाटील न्यायाचे पक्के. त्यांनी निम्मं अंगण बाहुलीवाल्याकडे ठेवलं, निम्मं माकडवाल्याला दिलं. तेव्हापासून दरसाल राणी रडायला लागली की शेजारून माकड येतं आणि तिचा मुकुट घालून पळतं. बायकांचे पदर नाकाऐवजी तोंडाला जातात, हसू दाबायला. बाहुलीवाला दात खातो. पण दोरी आता तो झोपतानाही कमरेची सोडत नाही.

तुम्ही आपलं काहीबाही घडवता, लिहिता, गाता, आणि आपल्या चाहत्यांना ई-मेल धाडायला कुठली सेवा घ्यावी म्हणत सोनेरी घुमट शोधत सहा-सहा महिने हिंडता, ते मला दिसतंय बरं. माकड तयारच बसलंय.

तात्पर्य: निरोप कुणाच्याही पंखांवर धाडा, पण वेळेत धाडा, आणि आपल्या माणसांची दोरी आपल्याच कमरेला ठेवा.