गोजराची हातोडी

एक होता राजा. पण गोष्ट काही राजाची नाही बरं का. राजा मध्ये येईल, दोन शब्द बोलेल आणि जाईल. गोष्ट आहे त्याच्या नगरातल्या अनसूबाईची आणि तिच्या लेकीची, गोजराची. शमे, पाय आवर. बाब्याला नीट निजू दे. हं.

तर त्या नगरात एक रीत होती. मूल सहा-सात महिन्यांचं झालं की त्याची उष्टावण. आपल्याकडेही करतात की, खिरीचं बोट चाटवतात. पण तिथं खिरीनंतर बाळाला पाटावर बसवायचे आणि पुढ्यात वस्तू मांडायचे. लेखणी, विळा, तागडी, सुताची गुंडी, हातोडी, मातीचा गोळा. बाळ जे उचलेल तो त्याचा जन्माचा धंदा. प्रधानाच्या पोरानं मातीचा गोळा उचलला, की गेला तो कुंभाराच्या चाकावर! मुलगा असो की मुलगी, रीत एकच. आणि मध्ये पडदा धरायचा. पडद्याआड फक्त बाळ आणि आई. चार माणसं बघून बाळ बावचळतं ना, म्हणून. मग आईनं बाहेर येऊन सांगायचं, माझ्या बाळानं अमुक उचललं. आईचा शब्द शेवटचा. आई यात खोटं बोलेल असं त्या नगरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अनसूबाईचा नवरा म्हादू तांबट. तांब्याच्या घागरी, हंडे, घंगाळं घडवायचा. काय त्याचा हात! पण दिवसभर ठाण ठाण ठाण ठोकून त्याचे कान गेले. तांबट आळीत सगळ्यांचेच जायचे. काय म्हणालीस शमे? कानात बोळे घालायचे? अगं, शहाणीच आहेस. पण ठोका नीट बसला की नाही, पत्रा कुठं पातळ झाला, ते कानानंच कळतं. बोळे घातले की भांडं बिघडलंच म्हणून समज.

तर गोजरा तीन महिन्यांची होती तेव्हा म्हादू बाजारातून येत होता. मागनं बैल उधळले. लोक ओरडले, "म्हादू, बाजूला हो! बाजूला हो रे!" पण त्याला ऐकू यायला हवं ना? गेला बिचारा, जागच्या जागी गेला.

मग आली उष्टावण. पडदा धरला. अनसूबाईनं गोजराला पाटावर बसवलं. ती गुलाम पोर इकडं बघेना, तिकडं बघेना. सरळ हातोडीवर झडप! अनसूबाईनं हातोडी काढून घेतली आणि पलीकडं ठेवली. गोजरा रांगत गेली, पुन्हा हातोडी. तिनं पुन्हा काढली. गोजरानं तिसऱ्यांदा धरली ती दोन्ही मुठींनी, आणि सोडेचना. अनसूबाईनं एक एक बोट सोडवलं आणि त्या मुठीत सुताची गुंडी कोंबली. मग पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या गोजरानं सूत उचललं."

बायकांनी साखर वाटली. अनसूबाईनं त्याच महिन्यात तांबट आळी सोडली आणि नगराच्या दुसऱ्या टोकाला, शिंपी आळीत खोली घेतली. तिच्या मनात एकच होतं, माझ्या पोरीला माझी हाक ऐकू आली पाहिजे. नवऱ्याला नाही आली, निदान हिला यावी. आता यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आणि चुकलं तर होतंच.

मग गोजरा मोठी झाली. शिवण शिकली. टाका असा बारीक, की भिंगातून बघावा. सगळे वाखाणायचे. पण पोरगी कधी हसायची नाही. रडायचीही नाही. मान खाली घालून शिवत बसायची. पाणी आणायला घराशेजारी विहीर होती, पण ही जायची पार तांबट आळीच्या विहिरीवर. भरली घागर कमरेवर घेऊन तिथंच उभी राहायची, ठोके ऐकत. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. अनसूबाईला ठाऊक होतं. ती खेकसायची, "तिकडं कशाला मरायला जातेस गं? जवळ विहीर नाही का?"

आणि मग एकदा काय झालं, शेजारणीच्या बाळाला गोजरानं कुंची शिवली. बाळ कसं, हसरं, गुटगुटीत. कुंची घातली मात्र, आणि बाळानं असा काही सूर लावला! दृष्ट काढली, घुटी दिली, छे! कुंची काढली तेव्हा कुठं बाळ गप्प झालं. शेजारीण म्हणाली, "टोचत असेल काहीतरी." गोजरानं कुंची चाचपून बघितली, टोचत काहीच नव्हतं.

मग राजाच्या वाढदिवसाला अंगरखा शिवायचं काम गोजराकडं आलं. राजानं अंगरखा घातला, भरल्या दरबारात सिंहासनावर बसला, आणि लागला की ढसाढसा रडायला! दाढी भिजली, उपरणं भिजलं. परमुलखाचे वकील एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. प्रधानानं राजाला आत नेलं आणि अंगरखा उतरवला. तेव्हा डोळे थांबले. राजा भला माणूस होता, चिडला नाही. म्हणाला, "या पोरीला सुई देऊ नका. तिच्या टाक्यात दुःख आहे. घरी बसू दे तिला. आमच्या मुदपाकखान्यातून शिधा जाईल."

अनसूबाईला काय वाटलं असेल? बरं वाटलं हो! म्हणाली, चला, सुटलो. शिवण नाही की ठोकणं नाही. लेक घरात राहील, डोळ्यांपुढं. आपण ओव्या म्हणू, ती ऐकेल.

पण गोजरा भिंतीला टेकून बसली ती बसलीच. भाकरी वाढली तर अर्धी उष्टी टाकायची. हाक मारली तर "ओ" द्यायची आणि पुन्हा भिंतीकडं बघायची. हाक ऐकू येत होती तिला, चांगली ऐकू येत होती. पण अशी "ओ" ऐकून आईच्या जिवाला सुख लागेल का?

एक दिवस दुपारी अनसूबाईची चोळी उसवली. गोजरानं मागं कधीतरी तिला नवी चोळी शिवून दिली होती, ती पेटीतच पडून होती. जुनं झिजेपर्यंत नवं अंगाला लावायचं नाही, असा अनसूबाईचा खाक्या. तिनं ती चोळी काढली आणि अंगात घातली.

मग काय सांगू बाळांनो! छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं तिला. तळहात शिवशिवायला लागले. काहीतरी धरायचं आहे, घट्ट धरायचं आहे, आणि हातात काही नाही. कुणीतरी आपलं बोट न् बोट सोडवून ते काढून घेतलं आहे. अनसूबाई मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. एवढीशी चोळी, तिला घडीभर सोसेना. आणि पोरीनं हे अठरा वर्षं सोसलं होतं, तोंडातून ब्र न काढता.

अनसूबाई तशीच उठली आणि गोजरासमोर जाऊन बसली. म्हणाली, "गोजरा, तू सूत नव्हतं गं उचललं. तू हातोडी उचलली होतीस. मी खोटं बोलले."

गोजरानं भिंतीवरची नजर काढली. तिनं एवढंच विचारलं, "किती वेळा उचलली होती?"

"तीनदा."

"आणि तू?"

"तीनदा काढून घेतली."

गोजरा दोन दिवस आईशी बोलली नाही. बोलेल कशी? तिसऱ्या दिवशी अनसूबाईनंच तिचा हात धरला आणि तिला राजाकडं नेलं. भरल्या दरबारात सगळं कबूल केलं. म्हणाली, "महाराज, गुन्हा माझा. मला काय ती शिक्षा द्या, पण पोरीला तिची हातोडी द्या."

राजानं आपल्या दाढीवरून हात फिरवला. अंगरख्याची आठवण होती ना त्याला. मग म्हणाला, "पोरीला हातोडी दिली. पण तुला मी शिक्षा काय देऊ बाई? ती तुला मिळणारच आहे."

अनसूबाईला ते कळलं. वाटेत तिनं लेकीला म्हटलंसुद्धा, "गोजरा, तुझे कान जातील गं. तुझ्या बापाचं काय झालं, माहीत आहे ना?"

गोजरा म्हणाली, "माहीत आहे आई. पण कान शाबूत ठेवून मी भिंतच बघत होते ना?"

मग गोजरा तांबट आळीत सखातात्यांच्या हाताखाली लागली. सखातात्या म्हणजे आळीतले सगळ्यांत जुने कारागीर, म्हादूचेही गुरू. पहिल्या दिवशी हाताला हे एवढे फोड घेऊन घरी आली. आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या! चौथी मागितली! जेवता जेवता सांगत होती, "आई, पत्रा आधी तापवायचा. मग तो मऊ होतो. मग ठोके असे एकाला एक लागून..." आणि हसली. अनसूबाईनं अठरा वर्षांत पहिल्यांदा लेकीचं हसू ऐकलं. तिला माहीतच नव्हतं ते कसं आहे. थेट म्हादूसारखं होतं.

गोजराच्या घागरींचं नाव झालं. दमलेल्या माणसानं त्यातलं पाणी प्यावं आणि त्याला वाटावं, चला, अजून एक कोस चालू. दुरून दुरून लोक यायचे. राजानंही एक घागर नेली आणि उशाशी ठेवली.

पण कान काय थांबतात? आधी पाखरं गेली. गोजरा म्हणाली, "यंदा साळुंक्या आल्या नाहीत का गं?" आल्या होत्या, दारातच कलकलत होत्या. मग आईच्या ओव्या गेल्या. जात्याशी बसून अनसूबाई गळा ताणून म्हणायची, आणि गोजरा शेजारी बसून पिठाकडं बघत राहायची. आणि एक दिवस गोजरा संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली, "आई, आज दारातून हाक नाही मारलीस?"

अनसूबाईनं तीनदा मारली होती.

ती आत गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मोठ्यानं रडली असती तरी काय होतं? पण सवय असते ना बाईला.

गोजरा मात्र आनंदात होती हो. खोटं कशाला सांगू? कान गेल्याचं दुःख झालं तिला, झालं नाही कसं? आईचा आवाज आठवायचा प्रयत्न करताना मी तिला डोळे मिटून बसलेलं बघितलं... म्हणजे मी नाही गं, लोकांनी बघितलं. पण सकाळ झाली की पळत सुटायची कामावर.

मग अनसूबाईनं काय केलं? तिनं शिंपी आळीतली खोली सोडली आणि पुन्हा तांबट आळीत राहायला आली. लेक कामावर गेली की ही ओट्यावर सूप घेऊन बसायची, जोंधळे निवडत. लोक म्हणायचे, "अनसूबाई, इथं कशाला आलात? पन्नास हातोड्यांचा हा कालवा! तुमचे कानही जातील."

ती म्हणायची, "पन्नास कुठल्या? मला एकच ऐकू येते."

आणि खरंच. पन्नासांतली गोजराची हातोडी तिला बरोबर कळायची. ती आज दमली आहे का, तिचं नवं भांडं मनासारखं उतरतंय का, सगळं त्या ठोक्यावरून कळायचं. लेकीला आईची हाक ऐकू यायची नाही, पण आईला लेक दिवसभर ऐकू यायची. अनसूबाईचे डोळे भरून यायचे. ती पदरानं पुसायची आणि पुढची मूठ निवडायला घ्यायची.

काय विचारतेस शमे? अनसूबाई सुखी झाली का? अगं, आईचं असंच असतं. गोजरा सुखात राहिली, आणि अनसूबाई तिच्या सुखात राहिली.

बाब्या निजला बघ कधीच. तूही मीट डोळे. रडू नकोस, ये, माझ्या कुशीत ये.