द्यूतमुद्रेचा शाप

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, वेत्रवतीच्या तीरावरील रत्नावती नगरीत, जिच्या प्रासादशिखरांवर मेघ विसावत, पृथुकेतू नावाचा पराक्रमी राजा राज्य करीत होता. प्रजेला द्यूताचे व्यसन जडले, तेव्हा राजमुद्रा मिळालेल्या द्यूतगृहातच फासे टाकावेत, अशी आज्ञा करून त्याने तपोनिधी मैत्रायण ऋषींना द्यूताध्यक्ष नेमले. मुद्रा कोणास द्यावी आणि पणाला काय लावू नये, हे त्यांनी ठरवायचे होते.

ऋषींनी गाय निषिद्ध केली, तर लोकांनी वासरू लावले. वासरू निषिद्ध केले, तर अजून न जन्मलेले वासरू लावले! होमाचा अग्नी विझू लागला, तरी मुनींचे नियम संपेनात.

अशातच धूर्ताक्ष नावाचा मायावी दैत्य व्यापाऱ्याच्या वेषात मुद्रा मागण्यास आला. ऋषींनी त्याला ओळखून हाकलले. तो थेट राजाकडे गेला आणि द्यूतावरील कराच्या लोभाने राजाने त्याला स्वहस्ते मुद्रा दिली.

थोड्याच काळात शालिनी नावाची विणकरपत्नी आंधळ्या पतीचा हात धरून आश्रमात आली.

"भगवन्, माग पणाला लावू नये, हा आपला नियम. म्हणून त्या दुष्टाने यांच्या डोळ्यांचे तेज मागितले आणि यांनी तेही लावले! घरात माग आहे, पण विणणार कोण?"

संतप्त मुनी त्या दोघांसह राजसभेत गेले. सारे ऐकून राजा म्हणाला, "मुनिवर, मग डोळेही निषिद्ध करा. त्यात एवढे काय?"

"आज डोळे, उद्या कान, परवा श्वास! अरे, मी निषेध तरी कशाकशाचा करू? दार तू उघडायचेस आणि कडी मी शोधत बसायची?" असे गर्जून ऋषींनी कमंडलूतील जल हाती घेतले. "या विणकराच्या हानीचा अर्धा वाटा तुझा! आणि यापुढे जो जो राजा लोभाने द्यूतगृहाला मुद्रा देईल, त्याचाही एक डोळा हरपेल!"

तत्क्षणी विणकराला एका डोळ्याने पत्नीचा चेहरा दिसला. राजाचा डावा डोळा मात्र अंधारला. त्याने ऋषींचे पाय धरले.

"मुद्रा मागे घे, डोळा परत येईल," मुनी म्हणाले.

राजाने कोषागाराकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "एक तर उरला आहे ना?"

मैत्रायणांनी कपाळाला हात लावला आणि अध्यक्षपद टाकून ते हिमालयात निघून गेले. त्या शापामुळेच आजही द्यूतगृहापाशी आले की राज्यकर्त्यांचा काणाडोळा होतो.