शेवटचा ताव

फार पूर्वी, वस्तू एकमेकींशी बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका पत्रिकावाल्याच्या दुकानात हातकागदाचा एकच ताव उरला होता. आज त्याच्यावर यंत्रात दाबून कमळ उठवायचं होतं आणि त्या दुकानाची रीत अशी, की यंत्र कागदानेच निवडायचं. भीतीने त्याच्या कडा थरथरत होत्या.

विजेचं मोठं यंत्र गुरगुरलं, "ये रे पोरा! बघ, माझ्या पायाशी एकही चिठोरं नाही. पहिल्या दाबात काम फत्ते!"

"आणि पहिल्याच दाबात मी फाटलो तर, दादा?"

"तर काय? दुसरा कुठला तरी कागद घेईन की!"

ताव झटकन मागे सरला. तो हाताने फिरवायच्या जुन्या यंत्राकडे वळला, तर तिथे फाटक्या चिठोऱ्यांचा हा ढीग! जीव मुठीत धरून त्याने एकेक चिठोरं पाहिलं. खालच्यांच्या चिंध्या झालेल्या, मधली नुसती चिरलेली, सगळ्यात वरच्यावर मात्र अख्खं कमळ उठलेलं.

"घाबरलास?" जुन्या यंत्राने हळूच विचारलं.

"खूप, काका."

"मीसुद्धा. म्हणून तर सकाळपासून रद्दीवर दाब जुळवतोय."

ताव डोळे मिटून त्याच्या रुळांमध्ये शिरला.