केशवराजाच्या मनगटावरची बांगडी

त्या वैशाखात ओंजळनाथ महाराजांची स्वारी सातविणी गावी आली आणि नदीकाठच्या चिंचेखाली उतरली. दिवसाकाठी ओंजळभर अन्न, तेही कुणी प्रेमाने वाढले तरच घ्यायचे, म्हणून महाराजांना हे नाव पडले होते. एक तर महाराज आलेले, त्यात केशवराजाचा उत्सव तोंडावर! गावाच्या आनंदाला उधाण आले होते, भाविकहो, बायाबापड्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

या केशवराजाचा गाभारा भारी अंधारा. समईच्या उजेडातही मूर्ती धड दिसत नसे. वर्षातून एकाच सकाळी, उत्सवाच्या दिवशी, उगवतीचे ऊन झरोक्यातून थेट मूर्तीवर पडे. उंबऱ्यावर जेमतेम एक माणूस मावायचा. म्हणून त्याने आत पाहावे आणि मंडपातल्या गर्दीला देवाचे रूप मोठ्याने सांगावे, अशी गावाची रीत होती. हा मान दिगंबरशास्त्र्यांचा. बुवांची वाणी अशी दागिन्यांनी मढलेली, की ऐकणारे नुसत्या माना डोलवत. त्यातले कळायचे किती, ते केशवराजालाच ठाऊक!

शास्त्रीबुवांची एकुलती एक लेक यमू जन्मापासून आंधळी होती. तिच्या हातात बांगड्या भरायला भिवरा कासारीण येई. "भिवरामावशी, आज कुठला रंग?" यमू विचारी. भिवरा तिचा हात दाबून दाबून मऊ करता करता सांगे, "हिरवा गं बाई. कोथिंबीर निवडल्यावर बोटांना वास ऱ्हातो का न्हाई? त्यो हिरवा. आन् तांबडा म्हंजे चुलीम्होरं बसल्यावर गालाला लागती ती धग." यमू खुदकन हसे. ओसरीवरून बुवा म्हणत, "वा! आता रंगांना वासही यायला लागले! भिवरे, हा अडाणीपणा दुसऱ्या दारी नेऊन वीक."

भिवरा खाली मान घालून गाठोडे बांधी. बुवांपुढे बोलायची तिची काय बिशाद!

यंदा उत्सवाआधी यमूने वडिलांना विचारले, "बाबा, केशवराज कसा दिसतो हो?" बुवांनी इंद्रनीळ काढला, कमळे काढली, कोटी चंद्र काढले. पोरीने विचारले, "पण इंद्रनीळ म्हणजे कसा?" झाले! बुवा उखडले. "तुला ते कळायचं नाही. तू आपलं नाम घे. रूप तुझ्यासाठी नाही." यमूच्या काळजाला ते शब्द लागले. जो देव आपल्यासाठी नाही, त्याला दाखवलेल्या नैवेद्याचे अन्न तरी आपण का खावे, म्हणून तिने ताट सारले ते सारलेच. आई रडली, बुवा आधी रागावले, मग घाबरले, पण पोर पाण्याखेरीज कशाला शिवेना.

उत्सवाच्या आदल्या दिवशी भिवरा बांगड्या भरायला आली. यमूचा हात हातात घेतला, तर तो काडीसारखा झालेला. वाळलेल्या मनगटाला घट्ट बसतील अशा लहान मापाच्या हिरव्या बांगड्या तिने भरल्या, आणि तशीच धावत चिंचेखाली गेली.

"म्हाराज, लेकरू हातचं चाललं! त्याला देव बघायचाय, आन् दावणारं कुनी न्हाई."

"मग तू दाखव," महाराज म्हणाले.

"म्या? मला कुठं बोलाया येतंय?"

"रंग कसे सांगतेस? उद्या तसाच देव सांग. मी आहे ना!"

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मंडप फुलून गेला. आईच्या खांद्यावर मान टाकून यमू पुढेच बसली होती. महाराज बुवांना म्हणाले, "शास्त्रीबुवा, यंदा रूप भिवरा सांगू दे."

बुवा मोठ्याने हसले. "कासारीण रूप सांगणार? महाराज, केशवराजाला काय बांगड्या भरायच्या आहेत?"

सारा मंडप खिदळला. भिवराला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. महाराजांनी हसून बुवांना वाट दिली.

ऊन आले! घंटा घणघणल्या. बुवा उंबऱ्यावर चढले आणि पहिलाच अलंकार ओठांवर आला, तोच आभाळात ढग आला आणि गाभारा मिट्ट काळोखात बुडाला. दिसत नाही ते सांगायचे नाही, हा रीतीचा पहिला नियम. बुवांचे तोंड उघडेच राहिले. मंडप गलबलला. आणि यमूची मान आईच्या खांद्यावरून निसटली.

"भिवरे! आता!" महाराज गरजले.

भिवरा गर्दीतून घुसली. यमूचा हात तिने हातात घेतला आणि रोजच्यासारखा दाबू लागली.

"यमूताई, उन्हातनं आलीस की माठाला गाल लावतीस न्हवं? तसा त्याचा काळा रंग. डोळं म्हनशील, तर तू रडत असताना आई गुपचूप येऊन बसती, बोलत न्हाई, तरी तुला उमगतं. तसं त्याचं बघनं. आन् हसू? तू भीत असतीस, हात आखडून घेतीस, आन् काकण न दुखता सर्रकन आत जातं. तवा तुझ्या तोंडून 'अगंबाई!' निघतं ना? तेवढंच हसतोय बघ त्यो."

यमू ताठ बसली. तिचा चेहरा उजळला.

"मावशी, दिसला! अगंबाई, दिसला! काळा, गार, हसरा! आणि त्याच्या हातात हिरवी बांगडी आहे!"

"खुळी झालीस का? केशवराजाला बांगडी कुठली?" बुवा ओरडले.

त्याच क्षणी ढग सरला. ऊन मूर्तीवर पडले. बुवांनी वळून पाहिले आणि चौकट घट्ट धरली. शंख धरलेली ती दगडी मूठ, तिच्यावरून लहानशी बांगडी जाणार कशी? पण मनगटावर ती होती, अखंड, हिरवीगार! भिवराने यमूचे मनगट चाचपले. काल घट्ट बसवलेल्या बांगड्यांतली एक नव्हती. काच कुठे सांडलेली नव्हती, की हाताला ओरखडा नव्हता.

"केशवराज महाराज की जय!" मंडप दणाणला. माणसे नाचू लागली, रडू लागली.

बुवांनी महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "माझे कशाला? ज्या हातांची टवाळी केलीस, त्यांना नमस्कार कर." आणि त्या मानी माणसाने सगळ्या गावासमोर भिवराच्या पायांवर डोके ठेवले. ती बिचारी "आवं बुवा, आसं नगा करू" म्हणत मागे सरत होती.

मग महाराजांनी आपल्या ओंजळीतला प्रसाद यमूपुढे धरला. तिने तो खाल्ला आणि आणखी मागितला. आईने पदराने डोळे पुसले.

बुवा लेकीजवळ सरकले. त्यांनी तिचे बांगड्यांचे मनगट दोन्ही हातांत धरले, त्यावर कपाळ टेकले आणि हळूच म्हणाले, "यमू, हिरवा कसा असतो गं? मला सांगशील?"