एकाच दिवसाची सात पानं

एकदा एक पोथ्या उतरवून देणारा लेखक साठीत आला आणि त्याचं मन थाऱ्यावर राहीना. हात थरथरत नव्हता, अक्षर मोत्यासारखं होतं, घर नातवंडांनी भरलेलं होतं. पण बोरू हातात घेतला की एकच जुना दिवस डोळ्यांपुढे येई. शेवटी तो उठला आणि ज्यांच्याकडे लिहायला शिकला, त्या वृद्ध गुरूंकडे गेला. गुरू नव्वदीला टेकलेले, दृष्टी मंदावलेली. जीभ मात्र शाबूत होती.

"गुरुजी, विश्वंभर आठवतो?"

"न आठवायला काय झालं? तुझ्यापेक्षा अक्षर चांगलं होतं त्याचं."

शिष्याने मान खाली घातली. "देवस्थानच्या पोथीत एक ओळ गळाली होती. दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत होत्या, नजर वरून खाली घसरली. ती चूक माझी होती. मी त्याचं नाव सांगितलं आणि तुम्ही त्याला घालवलंत. पस्तीस वर्षं झाली. आता तो पलतीरावरच्या गावात अंथरुणाला खिळलाय. तो जायच्या आत क्षमा मागायचीय, पण पाऊल उचलत नाही."

गुरू म्हणाले, "चौकशी न करता घालवलं मी. ते माझं मी बघेन. तुझं असं कर, त्या दिवशी काय घडलं ते पानभर लिहून काढ."

शिष्याने लिहिलं. गुरूंनी ते पान न ऐकताच बैठकीखाली सारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "कालचं पान आठवू नकोस. तो दिवस आठव." असे सात दिवस गेले. शिष्य आतल्या आत धुमसत होता. तिकडे एक जीव घटका मोजतोय आणि हे मला पोरासारखा कित्ता गिरवायला लावतायत. साठी बुद्धी नाठी म्हणतात, नव्वदीचं तर विचारूच नये! स्वतःची साठी उलटलेली तो सोयीस्करपणे विसरला होता.

सातव्या दिवशी गुरूंनी सगळी पानं पुढे केली. "वाच. मोठ्याने."

पहिल्या पानावर होतं, 'मी म्हणालो, हे विश्वंभराचं काम.' तिसऱ्यावर, 'मी घाबरलो होतो, तोंडून त्याचं नाव निघून गेलं.' पाचव्यावर, 'कुणीतरी त्याचं नाव घेतलं, मी गप्प राहिलो.' आणि सातव्यावर विश्वंभर स्वतःच काही बोलला नव्हता; त्याला नाहीतरी जायचंच होतं.

शिष्याने पानं पुन्हा उलटून पाहिली. "हे मी लिहिलं?"

"अक्षर कुणाचं आहे?"

"पण मी खोटं लिहीत नव्हतो, गुरुजी! शपथेवर सांगतो, रोज मला तसंच आठवत होतं."

"तीच तर भीती आहे. लबाडाला खरं काय ते ठाऊक तरी असतं. पोथीच्या शेवटी आपण लिहितो, जसं दिसलं तसं उतरवलं, लेखकाला दोष देऊ नये. पोथीपुरतं ते ठीक. स्वतःच्या आयुष्याखाली कुणी ते लिहू नये, कारण तिथला लेखक दर वेळी स्वतःला थोडा बरा करून घेतो. सात दिवसांत तू इतका निर्दोष झालास. पस्तीस वर्षांत किती झाला असशील? हे पहिलं पानसुद्धा मूळ नव्हे. प्रत ताडून पाहताना आपण काय करतो? दुसरा वाचतो, आपण ओळीवर बोट ठेवून ऐकतो. जा, ऐकून ये."

शिष्य त्याच पावली नावेत बसला.

विश्वंभर माचावर पडून होता. त्याने याला ओळखलं. शिष्य उशाशी बसला आणि म्हणाला, "मी काही सांगत नाही. तुला आठवतंय ते सांग."

विश्वंभर थांबत थांबत बोलू लागला. थंडीचे दिवस होते म्हणाला. शिष्याला कडक उन्हाळा आठवत होता. त्याने चूक दुरुस्त केली नाही.

"तू माझं नाव घेतलंस त्याचं नाही रे एवढं," विश्वंभर म्हणाला. "भीतीपोटी होतं माणसाकडून. पण दुसऱ्या दिवशी मी घाटावर थांबलो होतो. नावाड्याच्या हातापाया पडून दुपारपर्यंत नाव अडवली. म्हटलं, येईल. आणि तू आलास. वरच्या पायरीवर उभा राहिलास, मला पाहिलंस आणि परत फिरलास."

सातांतल्या एकाही पानावर घाट नव्हता. पण ऐकता ऐकता शिष्याला ती पायरी पायाखाली जाणवली. तेव्हा तरुण होतो, गुरूंचा धाक होता, घरची परिस्थिती होती, अशी कारणं ओठांवर गर्दी करून आली. त्याने ती गिळली.

"हो," तो म्हणाला. "आलो होतो. तुला पाहिलं, आणि परत फिरलो."

विश्वंभराने डोळे मिटले आणि चाचपडत त्याचा हात धरला.