दुसरं मडकं

लेकीसुनांनो, फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाला पाणी एकाच पाटाचं. ते शेतोशेती सोडणारा पाटकरी गाव निवडायचं, दर अक्षय्यतृतीयेला, देवळाच्या ओट्यावर.

पाटकरी व्हायला दोघं उभे राहायचे. दोघांची दोन मडकी, दाणा पडल्याचा आवाज होऊ नये म्हणून तळाशी कापूस. घरटी एक माणूस वालाचा दाणा मुठीत घेऊन यायचा. मूठ दोन्ही मडक्यांत घालायची, दाणा मात्र एकातच सोडायचा. कुणी कुणाला दिला ते देवालाच ठाऊक.

मडकी घडवायची येसाई कुंभारीण. राहायची शेवटच्या आळीत, पाट संपतो तिथं.

एक पाटकरी फार भला होता. पाणी आधी शेवटच्या आळीला द्यायचा. त्याच्यामागं त्याचा मुलगा उभा राहिला, तेव्हा समोर यायला सगळ्यांनाच संकोच वाटला. "त्याच घरातला आहे, कशाला उगाच दुसरा?" असं म्हणत गाव एकच मडकं मागवू लागलं.

मुलगा काही दुष्ट नव्हता. फक्त शेवटच्या आळीपर्यंत त्याचे पाय पोचेनासे झाले. विचारलं तर म्हणायचा, "पाणी वाटेत मुरतं, मी तरी काय करू?"

येसाईनं मात्र नेम मोडला नाही. दर वर्षी दोन मडकी भाजायची. एक ओट्यावर जायचं. दुसरं तुळशीपाशी ठेवून ती वाट बघत बसायची, कुणीतरी येईल अन् म्हणेल, दुसरंही दे.

"अगं, अकरा झाली की," शेजारीण हसायची. "उतरंड रचून पुन्हा संसार थाटतेस का काय?"

"ओटा बघितला की आत तुटतं गं," येसाई म्हणायची. "पूर्वी उभे राहणारे दोघंही आठवडाभर आळीआळीनं हिंडायचे. आपल्या दारात बसून ताक मागायचे."

त्या वर्षी तीन आठवडे शेवटच्या आळीत थेंब आला नाही. वांगी वाळली. माती मळायलाही पाणी नव्हतं. येसाईनं पिण्याची घागर रिती केली, पण दुसरं मडकं घडवलंच. अक्षय्यतृतीयेला ते डोक्यावरून नेलं आणि पहिल्याशेजारी मांडलं.

पाटकरी हसला. "आजी, ह्यात कोण उभं आहे?"

"कुणी नाही रे बाळा. आमची वाट बघणं उभं आहे. राहू दे शेजारी."

देवाच्या ओट्यावर आलेलं मडकं उचलायचं कुणी? ते राहिलं. बायका पुढं झाल्या आणि हातांना जुनी सवय आठवली. मूठ एकात, मूठ दुसऱ्यात. पाटकरी त्या मुठींकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दाणा कुठं पडतोय ते त्याला कळेना.

निवड त्याचीच झाली. पण दुसऱ्या मडक्यातून सतरा दाणे निघाले, नाव नसलेल्याला दिलेले. ते त्यानं ओंजळीत घेऊन एकेक मोजले.

संध्याकाळी तो पाटाच्या कडेनं चालत निघाला. वाटेत पाटाची कड फुटली होती, त्याला माहीतच नव्हतं. त्यानं ती स्वतः लिंपली. येसाईच्या दारात पाणी आलं, तेव्हा पहिली ओंजळ तिनं तुळशीला घातली.

पुढच्या वर्षी सणाआधी तोच तिच्या अंगणात उभा. "आजी, दोन मडकी दे. माळ्याची थोरली सून उभी राहतेय."

येसाईचे डोळे भरले. एवढंच ऐकायला ती इतकी वर्षं कान लावून बसली होती.

"बैस," ती म्हणाली. "ताक पिऊन जा."

तात्पर्य: निवडायला दुसरं कुणी असलं, तरच निवडलेल्याला शेवटच्या दाराची आठवण राहते.